पहिला चढ आक्कांसोबत

अक्कलकुव्याच्या सायलेन्सरवाल्या आक्कांमुळे माझी जीप वाचली. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला गोष्ट क्रमानं सांगता येत नाही. मध्येच भलतीकडे जातो आणि ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. जीप कशानं जाणार होती आणि आक्कांनी काय केलं ते पुढे येईलच. जीप गेली असती तर आई आणि मी पुन्हा कोयते घेऊन गुजरातच्या उसात गेलो असतो. गेलो नाही. ते आक्कांमुळे.

हे मी लिहितोय ते घरापासून फार लांबून. इथे हिमालयात एका बोगद्याचं काम चाललंय, त्यावरच्या मजुरांची गाडी मी चालवतो. शिक्षण सातवी, तेही आश्रमशाळेतलं. घरी धडगावच्या डोंगरात आम्ही पावरी बोलतो, अक्कलकुव्यात उतरलं की अहिराणी, इथे दिवसभर हिंदी. मराठी फक्त शाळेपुरती होती, त्यामुळे लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. बर्फ पडायला लागला की गाडी बंद असते आणि मला नुसतं बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. सोबतचे म्हणतात, याच्या पायाला चाकं आहेत. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं.

आक्कांनाही बसवायचं नाही. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, मागे दोन खोल्यांचं घर. शेडमध्ये खुर्ची एकच आणि तिच्यावर आप्पा, म्हणजे आक्कांचे मिस्टर. आप्पांचे दोन्ही पाय गेलेले होते. आक्का मात्र चहा उभ्यानं प्यायच्या. हातात भाकरीचा तुकडा घेऊन ट्रकखाली वाकून बघायच्या, तेच त्यांचं जेवण. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कपाळावर लाल टिकली, खिशात खडू. कोणी ड्रायव्हर म्हणाला, "आक्का, बठा ना जराशा," की त्या आप्पांकडे हात करायच्या.

"हमना घरनं बसनं सगळं ह्यास्नीच लिधं. मन्हा वाटाले काही ऱ्हायनंच नही!"

म्हणजे घरातलं सगळं बसणं यांनीच घेतलं, माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. आप्पा सगळ्यात मोठ्यानं हसायचे. मला पहिल्यांदा ऐकून कसंतरी झालं होतं, पाय गेलेल्या माणसाला कोणी असं बोलतं का? पुढे कळलं की त्या दोघांचं असंच चालायचं. दिवसभर एकमेकांना टोचायचं आणि संध्याकाळी एका ताटात जेवायचं, एक खुर्चीत आणि एक उभी.

आक्कांचा दुसरा गुण म्हणजे कान. गाडी अजून वळणापलीकडे असायची आणि त्या हातातलं काम न सोडता सांगायच्या, कुणाच्या पाइपाला भोक पडलंय, कुणाचा सायलेन्सर आतून सुटलाय. गाडीबद्दल बोलायच्या ते माणसाबद्दल बोलावं तसं. हिचा घसा बसलाय. हिला दम लागतोय. हिला कोणीतरी रडवलंय. ड्रायव्हर बिचारा चोरासारखा उभा राहायचा. दरवेळी त्यांचं बरोबर यायचं असंही नाही. एकदा एका ट्रकवाल्याला त्यांनी पाइप फुटलाय म्हणून अर्धा तास झापलं, आणि निघाली मागे अडकलेली पत्र्याची बादली. आप्पांनी ती बादली पुढे कितीतरी दिवस खुर्चीशेजारी ठेवली होती.

आणि सगळ्यात त्रासाचा गुण म्हणजे त्यांचा पहिला चढ. दुसरीकडे पाइप बदलला की काम संपतं, हात पुसतात आणि जा म्हणतात. आक्कांकडे पाइप बदलला की काम सुरू व्हायचं. टर्बोची गाडी असेल तर आक्का स्वतः पुढच्या सीटवर चढायच्या आणि म्हणायच्या, चल घाटाला. रिकामी गाडीही चालायची नाही. शेडमागे वाळूची पोती भरून ठेवलेली असायची. माणसं बसतात तेवढ्या वजनाची पोती गाडीत घालायची आणि मोलगीकडचा घाट चढायचा.

"रिकामी गाडी खोटं बोलस," असं त्या म्हणायच्या.

या चढाला ड्रायव्हर कंटाळायचे. फेरी बुडते, डिझेल जातं. पाठीमागे त्यांना 'वाळूवाली' म्हणायचे. मीही म्हणायचो. आणि त्याच कंटाळ्यानं मी माझ्या जीपचा पाइप त्यांच्याकडे लावला नाही.

जीप वडिलांनी घेतलेली. बैलजोडी आणि आईच्या पायातली, गळ्यातली चांदी, एवढ्यातून ती जुनी जीप आली. घेतली आणि वर्षाच्या आत वडील गेले. धाकटा भाऊ शाळेत, आई आणि मी. जीप अक्कलकुवा ते धडगाव चालवायची, माणसं भरायची, हेच आमचं सगळं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावंच्या गावं उसाला जातात. आम्ही जीपमुळे थांबलो होतो. मला रोज सकाळी चावी फिरवताना भीती वाटायची, सुरू होईल ना?

घाटात दगड लागून लागून जुना सायलेन्सर सडला. तेव्हा रमण नावाच्या माझ्या दोस्तानं सांगितलं की गुजरातेत एक जण मोठ्या तोंडाचा सरळ पाइप लावून देतो, गाडीला असा पिकअप येतो की घाट सपाट होतो. रमणही आमच्याच रस्त्यावर जीप चालवायचा. मी गेलो आणि लावून आलो. खरंच सांगतो, त्या दिवशी जीप अशी चढली की मला रडू आलं. टर्बोची शिट्टी डोंगरात घुमायची. पोरं रस्त्यावर येऊन बघायची.

मग रबरी पाइप निसटायला लागला, टर्बोतून इंजिनाकडे हवा नेणारा. ऐन चढावर फाट् करून आवाज व्हायचा, मागे काळा धूर, आणि गाडीतला जीव निघून गेल्यासारखा. आमच्या घाटात असा पाइप निसटला की आम्ही तो बांधतो. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या, वर तार आवळायची. पुन्हा निसटला की आणखी घट्ट. का निसटतो हे कोणी विचारत नाही. रस्ता खराब आहे, हे उत्तर आमच्याकडे तयार असतं. माझ्या पाइपावर इतक्या पट्ट्या झाल्या होत्या की तो पाइप आहे का अजगर, ते कळेना. बांधला की मला बरं वाटायचं.

होळीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या डोंगरात होळी म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको. उसावर गेलेली माणसं कुठूनकुठून परत येतात. अक्कलकुव्याला बसमधून उतरतात, अंगावर नवे कपडे, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, आणि सगळ्यांना वर जायचं असतं, आत्ताच्या आत्ता. जीपवाल्यांचा तो मोसम. सकाळच्या फेरीला चढावर पाइप पुन्हा निसटला, तो बांधून मी खाली आलो. स्टॅंडवर माणसं भरली, ढोल टपावर बांधले आणि म्हटलं, जाता जाता आक्कांकडे एक चांगली लोखंडी क्लिप आवळून घेऊ. दोन मिनिटांचं काम.

आक्का रस्त्यावरच येऊन उभ्या होत्या. माझी शिट्टी त्यांना लांबूनच ऐकू आली होती.

"कोनी लायना हाऊ पाइप?"

"आक्का, ते नंतर सांगतो. क्लिप द्या फक्त. माणसं बसलीत."

त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. तो अजगर बघितला. हसल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. मला म्हणाल्या, रेस दे. मी दिली. रबरी पाइप भाकरीसारखा फुगला. मग इंजिन बंद करायला लावलं, खिडकीतून हात घातला, चावी काढली आणि कमरेला खोचली.

"उतारा सगळा," असं त्या माझ्या माणसांना म्हणाल्या. "ही गाडी आज वर जावाव नही."

माणसं ओरडायला लागली. बाया म्हणाल्या, आमची पोरं उन्हात आहेत. एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, होळी काय तुझ्या दुकानात पेटवू का? मी आक्कांच्या पाया पडायचा बाकी होतो. मग रागावलो. म्हटलं, "आक्का, चावी द्या. गाडी माझी आहे."

"तुन्हीच शे. म्हनीसन सांगस." माझीच आहे, म्हणूनच सांगतात म्हणे.

"आजचा दिवस गेला तर माझं वर्ष जाईल!"

"आनि इंजिन गयं तर?"

तेवढ्यात रमणची जीप आली. आक्कांनी रस्त्यात उभं राहून ती अडवली आणि माझी माणसं तिच्यात चढवली, टपावरचे ढोलसुद्धा. रमण मला डोळा मारून म्हणाला, "दिलवरभाऊ, तू आते वाळूले घाट दखाडाले लई जाय!" सगळी जीप हसली. मी कडुनिंबाखाली उभा राहिलो. रडलो असतो, पण आप्पा बघत होते.

आप्पा म्हणाले, "राग आला ना? येऊ दे. पोती भर."

पोती भरताना आक्का सांगत होत्या, मी ऐकत नव्हतो, पण कानात पडत होतं. त्यांनी सांगितलं ते असं. इंजिनातून निघणारा धूर टर्बोचा पंखा फिरवतो आणि पंखा इंजिनात हवा कोंबतो. जुना पाइप अरुंद होता, धुराला बाहेर पडायला वेळ लागायचा, पंखा बेताबेतानं फिरायचा. मोठा पाइप लावला, धूर सुसाट पळायला लागला, पंखाही सुसाट. टर्बोच्या अंगाला एक छोटी खिडकी असते. हवेचं प्रेशर पुरे झालं की ती उघडते आणि जास्तीचा धूर पंख्याला न लागता बाजूनं निघून जातो. पण ती खिडकी जुन्या पाइपाच्या मापाची. ती पूर्ण उघडली तरी आता पुरत नव्हती. म्हणून चढावर प्रेशर वाढतच जायचं.

"ते प्रेशर जाई कोठे?" आक्का म्हणाल्या. "जठे कमजोर दिसनं, तठे फुटस. आजलगून पाइप फुटना. तू पाइप बांधी टाका. आते कोन फुटी? इंजिन फुटी."

मी पोतं खाली ठेवलं. इतके दिवस मी ज्याला दुरुस्ती समजत होतो, त्यानं मी इंजिनाचा शेवटचा बचाव आवळून बंद करत होतो. आक्कांनी टर्बोचं तोंड उघडलं, आतल्या पंख्याची दांडी दोन बोटांत धरून हलवली आणि माझं बोट तिथे लावलं. दांडी थोडी खेळत होती. मला विचारायची हिंमत होईना. त्याच म्हणाल्या, "अजून जीव शे."

मग नवा रबरी पाइप लावला, आणि आम्ही घाटाला निघालो. आक्का माझ्या शेजारी, मांडीवर प्रेशर मोजायचं एक गोल गेज, त्याची लांब नळी खिडकीतून बॉनेटखाली गेलेली. निघताना त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि गेजच्या काचेवर एका जागी चिकटवली. काटा टिकलीपर्यंत आला पाहिजे आणि टिकलीवर थांबला पाहिजे, एवढंच बघायचं. प्रत्येक गाडीची टिकली वेगळ्या जागी लागायची. घरात टिकल्यांची पाकिटं लागायची ती निम्मी याच कामाला, असं आप्पा सांगायचे.

पहिल्या चढाला काटा टिकलीला आला आणि तिला ओलांडून पुढे गेला. मी बघत होतो. शिट्टी वाढत होती, जीप मजेत पळत होती, मला तिचा हा मजेतला आवाज किती आवडायचा! आक्कांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मी पाय उचलला.

खाली आलो. आक्कांनी लोखंडी पत्र्याची एक गोल चकती कापली, मधोमध भोक पाडलं आणि टर्बोच्या मागे, जिथे तो मोठा पाइप जोडला होता, तिथे मध्ये बसवली. म्हणजे मोठ्या पाइपाच्या सुरुवातीलाच धुराला थोडी अडचण. पुन्हा पोती, पुन्हा घाट. आता काटा टिकलीपर्यंत पोचेचना. जीप म्हशीसारखी चढली, इंजिन तापलं. "गळा दबायी गया," आक्का म्हणाल्या. पुन्हा खाली. चकती काढली, गार केली, भोक कानशीनं थोडं वाढवलं. पुन्हा वर. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. भरलेल्या जीपा शेजारून जात होत्या, ढोल वाजत होते, ओळखीची माणसं हात करत होती, आणि मी वाळू घेऊन तोच घाट चढत होतो आणि उतरत होतो. मनात नुसतं चाललेलं, आज गेला, उद्याचा तरी दिवस मिळेल का?

ऊन कलायला लागलं होतं. चकती शिकंजात धरून आक्का कानस मारत होत्या, मी शेजारी उभा होतो. मी चिडून विचारलं, "आक्का, तुम्ही स्वतः कशाला येता दरवेळी? गेज माझ्याकडे द्या, मी बघून येतो."

कानस थांबली नाही. वर न बघता त्या बोलल्या.

"ह्यास्ना ट्रकले मीच लायना व्हता मोठा पाइप. ह्या घाटले गयात. मी घर बठी ऱ्हायनी."

एवढंच. यांच्या ट्रकला मीच मोठा पाइप लावला होता, हे घाटात गेले, मी घरी बसून राहिले. पुढचं मला आप्पांनी सांगितलं, आक्का पाणी प्यायला आत गेल्यावर. भरलेला ट्रक, ऐन चढावर रबरी पाइप उडाला, इंजिनात दम राहिला नाही, ट्रक मागे यायला लागला. आप्पांनी उडी मारली चाकाखाली दगड लावायला. दगड लागला, ट्रक थांबला, पण आप्पांचे पाय आधी सापडले.

"पण तिचं खरं मानू नको," आप्पा हळूच म्हणाले. "ती म्हणाली होती, उद्या जा, आज थांब. मलाच घाई होती. ती हे सांगत नाही कोणाला."

आतून आक्कांचा आवाज आला, "काय सांगी ऱ्हायनात त्याले?"

"काही नही! म्हटलं, आज तुन्हा हातनी चहा मिळी का नही!"

मी आप्पांकडे बघितलं आणि आक्कांच्या कमरेच्या चावीवरचा माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. शेवटच्या फेरीला निघालो. सगळ्यात अवघड वळणावर पाय पूर्ण दाबला. काटा चढला, टिकलीला आला, आणि तिथेच थरथरत राहिला. वळण संपलं, पुढचा चढ लागला, काटा हलला नाही. शिट्टीही आता वेगळी, जरा खालच्या सुरातली. आक्कांनी गेज मांडीवरून उचललं, नळी गुंडाळायला लागल्या आणि म्हणाल्या, "आते सकायले माणसं भर." शाबासकी वगैरे काही नाही. शेडवर उतरल्यावर चावी माझ्याकडे टाकली आणि दुसऱ्या गाडीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी मी माणसं भरली. सकाळी, दुपारी, होळी पेटेपर्यंत. रमणची जीप मला घाटात मागे टाकून गेली, आणि त्यानं खिडकीतून हात काढून मला चिडवलं, त्याचं मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं. पण शेवटच्या फेरीत माझ्या शेजारी आई बसली होती. ती पाड्यावरून खाली बाजाराला आली होती आणि गूळ-दाळ्या घेऊन परत चालली होती. जीप आमची असल्यापासून ती दर चढाला डॅशबोर्डवर हात ठेवून बसायची, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. त्या दिवशी वर पोचल्यावर तिनं विचारलं, आज गाडी ओरडत का नाही? मी सांगितलं, आक्कांनी गप्प केली.

त्यानंतर फेरी नसली की मी शेडवर जायचो. वेल्डिंग शिकलो, पाइप वाकवायला शिकलो. आक्का शिकवायच्या म्हणजे चुकलं की ओरडायच्या. मला एका जागी उभं राहवत नाही हे त्यांना आवडायचं. "हाऊ मन्हा सारखा शे," असं त्या आप्पांना सांगायच्या, आणि आप्पा कपाळाला हात लावायचे. शाळेसारखं तिथे पुस्तक नव्हतं, फळा नव्हता. सातवीत शाळा सोडली तेव्हा मला वाटलं होतं, आपलं शिकणं संपलं. आक्कांनी ते पुन्हा सुरू केलं आणि त्याला शाळा म्हणू दिलं नाही.

धाकट्या भावाला गाडी चालवता यायला लागली, तेव्हा एका घरात दोन ड्रायव्हर आणि जीप एक, असं झालं. त्याच सुमारास हायवेवरून जाणाऱ्या एका ट्रेलरवाल्यानं आक्कांना विचारलं, वर पहाडात घाटाची सवय असलेला माणूस पाहिजे, कोणी आहे का? आक्कांनी माझं नाव सांगितलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, आक्का, इतक्या लांब? तर म्हणाल्या, लांब कुठलं, रस्ता जातोय ना तिथपर्यंत.

निघायच्या दिवशी शेडवर गेलो तर त्या एका ट्रकखाली झोपून काम करत होत्या. बाहेर आल्याच नाहीत. खालून आवाज तेवढा आला. "तठे हवा पातळ शे म्हनतस. पंखा जास्ती फिरी. ध्यान ठेव." आप्पांनी हातानंच खूण केली, जा आता, ती बाहेर येणार नाही.

खरंच इथे हवा पातळ आहे. इथे नवे ड्रायव्हर येतात, आवाजासाठी मोठे पाइप लावून घेतात, आणि मी त्यांच्या मागे लागतो. पोती भरायला लावतो, शेजारी बसतो. ते हसतात, म्हणतात, उस्ताद, रेत को घुमाने ले जा रहे हो? हसू देत. मी शेजारी बसून चढवलेली कोणाची गाडी अजून मागे आलेली नाही. रात्री झोप लागत नाही ती गोष्ट वेगळी. कोणाची क्लिप सैल तर नसेल, कोणी मला न सांगता पाइप बदलला तर नसेल, हेच डोक्यात फिरत राहतं.

आणि आता त्यात एक नवी काळजी. परवा भावाचा फोन आला. जीप चांगली आहे, आई चांगली आहे, यंदाही घरातून उसाला कोणी गेलं नाही. मग म्हणाला, आप्पांची तब्येत बिघडली आहे. आक्का त्यांना घेऊन चिंचपाड्याच्या दवाखान्यात जातात, दोन-दोन दिवस तिथेच राहावं लागतं. दुकान बंद असतं. ड्रायव्हर थोडा वेळ वाट बघतात आणि दुसरीकडे जातात. दुकान असंच राहिलं तर गिऱ्हाईक तुटेल, असं हायवेवरचे बोलतात. दुकान गेलं तर आप्पांचं औषध कशावर चालणार? आक्का मात्र भावाला एवढंच म्हणाल्या की काही अडलेलं नाही.

मी फोन केला. त्या उचलत नाहीत, हात काळे असतात, किंवा दवाखान्यात असतील. रस्ता बर्फानं बंद आहे. तो उघडेपर्यंत मी इथून हलू शकत नाही, आणि उघडला की पहिली सुट्टी कोणाला मिळेल ते साहेबांच्या हातात. मी रोज सकाळी बाहेर जाऊन डोंगर बघून येतो. त्यानं रस्ता उघडत नाही, हे मला माहीत आहे.

पण मी येणार आहे. या उन्हाळ्यात जमलं तर या उन्हाळ्यात, नाहीतर पुढच्या. आल्यावर गावी नंतर जाईन, आधी अक्कलकुव्याला उतरीन. शेड झाडीन, पोती भरीन, येईल त्या गाडीचा पाइप लावीन आणि तिच्यासोबत घाट चढीन. माझं वेल्डिंग आक्कांसारखं सरळ येत नाही, गिऱ्हाईक नावं ठेवतील, ठेवू देत. आक्का, मी तुमचं हे फेडणार आहे. तुम्ही आप्पांना घेऊन दवाखान्यात जा, दुकान मी बघतो.